थोरलीची पताका

उजुंग, सुराबाया
३ ऑगस्ट

प्रिय म्बाक साल्मी,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. तुझीही तब्येत चांगली असो, बिटुंगचा समुद्र शांत असो.

एवढं लिहून मी उठले आणि तांदूळ निवडून आले. एकोणीस वर्षांनी थोरल्या बहिणीला 'म्बाक' म्हणून हाक मारायची तर आधी घसा खाकरावा लागतो, पत्रातसुद्धा. फोन करता आला असता. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या तुमिनीने तुझ्या खानावळीचा नंबरही शोधून दिला. पण तिकडून तू 'हॅलो' म्हणालीस की मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून देईन, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

मी अजून नौदलाच्या तळावरच्या शिलाईघरातच आहे, तिसऱ्या खिडकीपाशी. समोर माडुराचा किनारा दुपारी धुक्यासारखा दिसतो, धुकं नसतं तरी. ऑगस्ट आहे, म्हणजे सतरा तारखेच्या, स्वातंत्र्यदिनाच्या आत सगळ्यांना लाल-पांढरे झेंडे हवेत. मशीनखाली लाल कापड, मशीनवर पांढरं, आणि पाय चालूच. डोळे मिटले तरी कापड वाहत असतं. आमचे मास गियार्तो निवृत्त झाले. आता त्यांनी चार होले पाळलेत. जहाजावर होते तेव्हा माझ्याशी जेवढं बोलले नाहीत तेवढं त्या पक्ष्यांशी बोलतात. सकाळी आधी पिंजऱ्यांची विचारपूस, मग माझी.

माझी सेकार तेवीस वर्षांची झाली. तू गेलीस तेव्हा चार वर्षांची होती, तुझ्या पदराला लोंबकळायची. आता ती धाकटीवर आहे. हो, आपल्याच धाकटीवर. संदेशघरात काम करते, झेंडे-पताका तिच्याच ताब्यात असतात. मी शिवते आणि ती चढवते.

म्हणजे बघ, जहाजांना अजून सगळे त्याच नावांनी हाक मारतात. कागदावर सहाही फ्रिगेटना शूर पुरुषांची नावं आहेत, पण तळावरच्या बायकांनी ती कधी तोंडात घेतलीच नाहीत. थोरली, दुसरी, मधली, चौथी, पाचवी आणि धाकटी. उत्तरेच्या थंडीतून आलेल्या सहा बहिणी. आठवतं, तुझ्या मास प्रायितने आपल्याला पहिल्यांदा थोरलीवर नेलं होतं तेव्हा तू त्या उंच खुंट्या बघून हसत सुटली होतीस? जाड कोट अडकवायच्या खुंट्या, आणि खाली आपली बुटकी पोरं, उघड्या अंगाने घाम पुसत. प्रत्येक खोलीत भिंतीला हीटर. खलाशांनी त्यांच्यावर मिरचीची रोपं ठेवली होती.

त्यांतली आता एकटी धाकटी उरली आहे. दुसरी सरावात लक्ष्य म्हणून बुडवली. मधली भंगारात गेली. चौथी आणि पाचवी धक्क्याला बांधून ठेवल्यात, आतून पोकळ. जे जे काढता आलं ते धाकटीला दिलं. तुला ती पद्धत माहीतच आहे, एकीचं काढून दुसरीला घालायची. पंप, झडपा, दरवाजे, अगदी स्वयंपाकघरातला मोठा तवासुद्धा. धाकटी आता पाच बहिणींचे अवयव अंगात घेऊन चालते.

आणि थोरली गेल्या महिन्याच्या अठ्ठावीसला निवृत्त झाली.

मी लांब उभी होते. बँड वाजला. झेंडा उतरवला, मग डोलकाठीच्या टोकावरची ती लांब निमुळती पताका, खलाशी जिला साप म्हणतात ती, हळूहळू खाली आली. वारा नव्हता. साप आपला आपण वेटोळी घालत चार हातांत उतरला. एवढंच. जहाज तेच, पण क्षणात त्याचं घर झालं, कोणी राहत नसलेलं.

दोन दिवसांनी म्हातारे पाक वार्सिदी ती पताका घेऊन शिलाईघरात आले. पूर्वी डेकवर सगळ्यांना ओरडायचे तेच, आता कागद पोचवतात.

"बू वेनिंग, तुमच्या बहिणीचं पत्र आलंय."

"मला?"

"तुम्हाला कशाला लिहितील? तळाला आलंय. साहेबांनी मंजूर केलंय. पताका धुऊन, शिवून, पेटीत घालून त्यांना पाठवायची. आणि हे काम तुम्हीच करायचं."

"मीच का?"

"मग काय मी करू? मला गुंडी लावता येत नाही."

त्यांनी तुझं पत्र वाचायला दिलं. चारच ओळी. 'थोरलीच्या पताकेच्या नेफ्यात आमच्या आईच्या कापडाची एक पट्टी शिवलेली आहे. ती माझ्या नवऱ्याच्या रक्षणासाठी होती. तिने काही केलं नाही. मला ती माझ्या हाताने चुलीत घालायची आहे.'

तुझं अक्षर तसंच आहे, उजवीकडे पडणारं.

म्बाक, पताका माझ्याकडे सुखरूप आहे. धुऊन झाली. नेफा अजून उसवायचा आहे, पण नेमकी कात्री सापडत नाहीये. आठवडाभरात पाठवते. तोवर चूल पेटवू नकोस.

तुझी,
वेनिंग


उजुंग
११ ऑगस्ट

म्बाक,

आठवडा उलटून गेला. पेटी पाठवली नाही. सतराच्या झेंड्यांची गडबड होती असं लिहिणार होते, आणि गडबड आहेही. तुझा निरोप तुमिनीने फोनवर घेतला. ती मशीन थांबवून ओरडली, "वेनिंग, तुझी बहीण म्हणते, चूल तयार आहे!" सगळं शिलाईघर हसलं. त्यांना वाटलं जेवायचं आमंत्रण आहे.

परवा एक स्वप्न पडलं. थोरली आपल्या जुन्या गल्लीत आली होती. पाणी नव्हतं, नुसतीच सरकत होती, दोन्ही बाजूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना अंग घासत. कोणी दचकलं नाही. बायका कपडे काढून घेत होत्या, जाऊ द्या तिला, म्हणत होत्या. आपल्या दारापाशी ती थांबली. तिच्या एका गोल खिडकीत आई बसली होती, मांडीवर झोळीचं कापड घेऊन घड्या घालत. घडी घालायची आणि परत उलगडायची. मी म्हटलं, आई, जेवलीस का? तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचं बोट कापडाच्या काठावरून फिरत होतं, जिथे फाडलं होतं तिथून.

जाग आली तेव्हा होले घुमत होते.

म्हणून आज लिहिते. नेफ्यात काही नाही, म्बाक. कात्री पहिल्या दिवसापासून माझ्या खिशात होती. उसवायची गरज नव्हती, कारण मला माहीत होतं.

आधी हे सांगते की मी काय करायला निघाले होते. आईच्या कापडाचं जे उरलं ते माझ्या कपाटात आहे, तपकिरी, पानांच्या नक्षीचं, तू आणि मी ज्यात तिच्या कमरेला बांधलेल्या असायचो ते. त्याची मी एक पट्टी फाडली. तेवढ्याच रुंदीची, चार बोटं. कडक चहात बुडवली. मिठाच्या पाण्यातून काढली. तीन दिवस पत्र्यावर उन्हात टाकली, चुलीच्या धुरावर धरली. तिसऱ्या दिवशी ती इतकी जुनी दिसायला लागली की मलाच क्षणभर वाटलं, हीच ती. तू ती चुलीत घातली असतीस आणि सगळं संपलं असतं. कोणाला कळणार होतं?

तुमिनीने विचारलं, "चहात काय रंगवतेस?"

"फडकं."

"फडकं कोणी एवढ्या मायेने रंगवतं होय?"

मी ती पट्टी नेफ्याच्या कडेला लावली. सुई ओवली. पहिला टाका घातला तेव्हा आई म्हणायची ते आठवलं, झोळीचं कापड एकदाच फाडायचं. तू विचारलं होतंस, दोघींचेही नवरे समुद्रावर आहेत, मग दोन पट्ट्या का नाही? ती म्हणाली होती, "दुसऱ्यांदा फाडलं तर ते झोळीचं राहत नाही, नुसतं कापड राहतं. प्रायित लांब चाललाय. गियार्तो तर धक्क्यालाच आहे." मी टाका उसवला. पट्टी परत धुतली. चहा काही गेला नाही.

आता खरी पट्टी.

एकोणीस वर्षांपूर्वी थोरली पूर्वेकडच्या बेटांवर निघायची होती. तू मोगऱ्याच्या फुलांत गुंडाळून ती पट्टी शिलाईघरात आणलीस. तुझ्यासमोर मी ती थोरलीच्या पताकेच्या नेफ्यात शिवली. इथपर्यंत सगळं तुला माहीत आहे. चार दिवसांनी धाकटीचा पंप बंद पडला. पूर्वेकडे तातडीने कोणीतरी जायला हवं होतं, वरून हुकूम आला की थोरलीचा पंप काढून धाकटीला बसवा आणि धाकटीला पाठवा. थोरली धक्क्यावर राहिली. मास प्रायित घरी आले, तुझ्या हातचं रावोन जेवले. आणि धाकटीवरचे मास गियार्तो निघाले.

दोन्ही पताका माझ्याच टेबलावर होत्या, एकसारख्या. लांबी तीच, लाल तेच, पांढरं तेच. मला वाटलं, पंप जिकडे गेला तिकडेच पट्टीही जावी. जी निघाली तिला. मी थोरलीचा नेफा उसवला, पट्टी काढली, धाकटीच्या नेफ्यात घातली. दहा मिनिटांचं काम. तुला सांगायला हवं होतं. तू त्या दिवशी बाजारात होतीस, मग तुझ्याकडे पाहुणे आले, मग राहून गेलं.

मग थोरलीला मधलीचा पंप मिळाला आणि तीही निघाली, आणि तिच्या नेफ्यात काही नव्हतं.

एवढंच. मी वाईट मनाने केलं नाही. तू चूक म्हण, पण मी जहाजांच्या रीतीनेच वागले.

आईचं कापड काही करू शकलं नाही असं नाही, म्बाक. ते तिथे नव्हतंच. तू तिच्यावर जे ओरडलीस, सगळ्या शोकाला आलेल्या लोकांसमोर, ते तिच्यासाठी नव्हतं.

खरी पट्टी अजून धाकटीवरच आहे. साप दर चारेक महिन्यांनी वाऱ्याने फाटतो, नवा शिवावा लागतो, आणि दर वेळी मी ती जुन्या नेफ्यातून काढून नव्यात घालत आले. धाकटी फेरी मारून आली की पाठवते.

तुझी,
वेनिंग


उजुंग
२० ऑगस्ट, सकाळ

म्बाक साल्मी,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टातून घरी येईपर्यंत कळलं की मी परत खोटं लिहिलं. एक शब्द खोटा नाही, पण ते 'एवढंच' खोटं आहे.

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. उत्तर दिलं असतंस, 'जाऊ दे' म्हणाली असतीस, तर मी तिथेच थांबले असते. आज सांगते, आणि या वेळी तांदूळ निवडायला उठत नाही.

धाकटी बारा दिवसांनी परत आली होती. थोरली निघायच्या आधी.

मंगळवार होता. धाकटीची पताका शेपटीकडून फाटली म्हणून माझ्याकडे आली, थोरलीची धुऊन परत जायची होती. दोन्ही टेबलावर, पुन्हा एकदा. पट्टी माझ्या हातात होती, म्बाक. मी काढली होती. तिला डिझेलचा आणि मिठाचा वास यायला लागला होता, मोगऱ्याचा वास गेला होता. थोरली दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघायची होती. धाकटी शुक्रवारी.

आदल्या संध्याकाळी मास गियार्तो जेवताना सांगत होते की वाटेत एका लाटेने त्यांना डेकवरून फेकलंच होतं. कठड्याच्या पार गेलो होतो, म्हणाले. काहीतरी मागून धरून ठेवल्यासारखं झालं. सेकार त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या ताटातला तेंपे खात होती.  मला रात्रभर तो कठडा दिसत राहिला.

मी पट्टी हातात घेऊन किती वेळ बसले ते आठवत नाही. खिडकीतून उजेड यायचा आणि लाल कापडावरून माझ्या हातांवर पडायचा, हात लाल दिसायचे. मग मी पट्टी टेबलावर ठेवली, उठले, चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत उभी राहिले. चहा गाळला, साखर घातली, बसून सगळा प्यायले. आणि मग ती पट्टी धाकटीच्या नेफ्यात घालून शिवून टाकली. थोरलीचा नेफा रिकामाच शिवला. टाके बारीक घातले, नेहमीपेक्षा बारीक.

तेवढ्यात तू आलीस.

तुला आठवत असणार. निळा ब्लाउज होता तुझा, केसांत मोगरा. म्हणालीस, "उद्या निघताहेत. म्हटलं एकदा हात लावून जाते." आणि थोरलीचा नेफा हातात घेतलास. बोटांनी चाचपलास. जाड कॅनव्हास, आतलं काय कळणार. मग कडेवर बोट ठेवून मला विचारलंस, "आहे ना गं?"

मी म्हटलं, "आहे."

तू हसलीस. "तुझ्या हातचे टाके आहेत, मग मला काय काळजी," असं म्हणालीस.

नवव्या दिवशी तार आली. होडी उलटलेले मासेमार. मास प्रायितने लहान नाव घेऊन तिघांना आणलं, वर चढवलं, चौथ्यासाठी परत गेले. पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

कापडाने कोणी वाचतं का, मला माहीत नाही. मास गियार्तोंना विचारलं तर म्हणतील, लाट परत फिरली म्हणून वाचलो. तेव्हा असं नाही की मी तुझा नवरा मारला. मी स्वतःशी हे हजारदा बोलले आहे आणि ते खरं असेल. पण तुझ्या वाट्याचं जे होतं ते मी तुझ्यासमोर माझ्या घरात ठेवलं, आणि तू माझ्या टाक्यांवर विश्वास ठेवून घरी गेलीस. हे कुठल्याही लाटेने केलेलं नाही.

आणि आई. तू तिला म्हणालीस, "तुझ्या कापडात काहीच नव्हतं." ती कापडाची घडी घालत राहिली. तू निघून गेल्यावर चार वर्षं जगली. शेवटी शेवटी सारखं विचारायची, "वेनिंग, मी फाडताना काही चुकले का गं? उलटं फाडलं का?" मी तिचे पाय चेपत असायचे. मी म्हणायची, "नाही आई, तू नीटच फाडलंस." याहून पुढे एक वाक्य होतं. ते मी चार वर्षांत उच्चारलं नाही. तू तिच्या दफनाला आली नाहीस म्हणून गल्लीतले सगळे तुला नावं ठेवत होते आणि मी मान हलवत होते.

तुझ्यावर रागावलेली बहीण, असं माझं सगळ्यांना वाटत आलं. मला ते सोयीचं होतं.

तर काल. धाकटी आज दहाला निघणार, पूर्वेलाच, पाच आठवडे. सेकार तिच्यावर. काल दुपारी ती पताका काखोटीला मारून शिलाईघरात आली.

"बू, शेपटी दुरुस्त करून दे. आणि लवकर कर, आमचा नवा साहेब घड्याळ खाऊन जगतो."

मी शेपटी शिवली. मग पताका उलटी करून नेफा उसवायला लागले. ती समोर स्टुलावर बसून तळलेलं केळं खात होती.

"तिकडे कुठे फाटलंय?"

"फाटलं नाही."

"मग? जुना मंत्र काढून नवा घालतेस की काय? आमच्या जहाजावर सगळ्यांना माहिताय, तू त्यात काहीतरी शिवतेस. पाचवीवरचे पाठवायचे ना माणसं, आमची पताका धुवायला नेतो म्हणत, नुसतं चाचपायला."

मी पट्टी बाहेर काढली. सेकारने तिला हात लावला नाही, केळं खाली ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं, म्बाक. जे वर लिहिलं ते सगळं, चहासकट. तुला लिहायच्या आधी कोणाला तरी तोंडाने सांगून बघायचं होतं, शब्द फुटतात का ते. तुमिनीचं मशीन थांबलं होतं. तिनेही ऐकलं असणार.

सेकारने बोटांचं तेल पुसलं. मग म्हणाली, "बुदे साल्मीला पाठव. मावशीची आहे ती."

"आज काढली तर तुझ्या नेफ्यात काही राहणार नाही."

"कळतं मला."

"पाच आठवडे आहेत. परत आलीस की काढून पाठवली तरी चालेल. चुलीला घाई नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तुझीच आठवण आली. तुझेच डोळे आहेत तिचे, मी हे कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. म्हणाली, "बू, परत तेच करतेस."

मग नेहमीच्या आवाजात, "आणि आमच्याकडे आता लाइफ जॅकेट आहेत, जीपीएस आहे, सगळं आहे. फक्त जेवण वाईट आहे. त्यासाठी काही शिवता येत असेल तर बघ."

तुमिनी पलीकडून म्हणाली, "मिरचीची पुडी शीव हिच्या खिशात." आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मी नेफा रिकामा शिवला. टाके नेहमीसारखे घातले. चहा ठेवला नाही.

ही पट्टी. बघ, केवढीशी झालीय. वर्षानुवर्षं उसवून शिवून काठ झिजले. नक्षीतलं एकच पान धड दिसतं. सेकार म्हणते की हिने निम्मा देश बघितलाय. भूकंपाच्या वेळी धाकटी तांदूळ घेऊन गेली तेव्हा ही वर होती. चोरून मासे मारणाऱ्यांच्या मागे चार दिवस गेली तेव्हाही होती. एकदा बुडत्या फेरीबोटीवरची एकशे बारा माणसं उचलली, तेव्हाही. त्यांतल्या कोणाला माहीत नसेल की त्यांच्या डोक्यावर आपल्या आईची झोळी होती. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. तुझी वस्तू कुठे कुठे फिरून आली ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

सोबत थोरलीची पताका आहे, धुण्यापलीकडे आणि त्या एका उसवलेल्या टाक्यापलीकडे तिला मी हात लावलेला नाही; साप कितीदा बदलला, पण थोरलीचा तो जुना नेफाच मी दर वेळी नव्याला जोडत आले, तो तसाच आहे. माझे ते बारीक टाके तुझ्या हाताने उसव. आत काही नाही, पण ते तू बघायला हवंस. आणि आईच्या कापडाचं जे उरलं ते सगळं पेटीत घातलंय. ते आता दोन ठिकाणी फाटलेलं आहे. दुसरं मी फाडलं. ती चहाची पट्टी माझ्याकडेच ठेवते, तिची जागा इथेच आहे.

चुलीत काय घालायचं ते तू ठरव. पण आईचं नाव त्यातून काढ, एवढंच मागते. माझं घाल.

पुढच्या महिन्यात थोरलीला ओढून पूर्वेकडच्या खोल समुद्रात नेणार आहेत, सरावात बुडवायला. जागा सांगत नाहीत. पाक वार्सिदी म्हणतात, तिथेच कुठेतरी, जिथे ती लहान नाव उलटली होती त्या बाजूला. ते म्हातारे झालेत, मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील. बिटुंगहून तो समुद्र जवळ पडतो. फुलं सोडायची असतील तर मी येईन. तू म्हणालीस तर तुझ्यापासून दूर, बोटीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहीन.

दहा वाजले. मी हे धक्क्यावर बसून संपवते आहे, कागदाखाली मास गियार्तोंनी त्यांची टोपी धरलीय. धाकटी हलली. आवाज फारसा होत नाही, पाच बहिणींची यंत्रं मिळून एकच श्वास घेतल्यासारखा आवाज. सेकार वर आहे, मला ती ठिपक्याएवढी दिसते. तिने पताका चढवली. वारा माडुराकडून आहे. साप एकदा लटकला, मग सुटला आणि लांबच्या लांब पसरला, लाल आणि पांढरा, आणि त्या नेफ्यात माझ्या टाक्यांशिवाय काही नाही.

मास विचारतात, "एवढी का थरथरतेस?" मी म्हटलं, वारा आहे.

तू असंच उभी राहिली होतीस त्या बुधवारी, याच खांबापाशी. फरक एवढाच की तुला वाटत होतं, आहे.

तू विचारलं होतंस, म्बाक. त्याचं उत्तर एकोणीस वर्षांनी देते.

नाही. नव्हतं.

तुझी
वेनिंग